एक दुरुस्ती, अनेक आज्ञावली : लिनक्समधील सामायिक लायब्रऱ्यांचा हिशेब

तालुक्याच्या ठिकाणच्या एका कार्यालयात २०२२ च्या अखेरीस प्रस्तुत लेखकास एक प्रसंग पाहावयास मिळाला. तेथील संगणकांवरील उबुंटू ही लिनक्स प्रणाली जुनी झाल्यामुळे तिच्या जागी त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेली नवी आवृत्ती बसविण्यात आली होती. दुसऱ्या दिवशी आवक-जावक नोंदीची आज्ञावली उघडेना. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटे. तिचा अर्थ एवढाच की, 'लिबएसएसएल.एसओ.१.१' नावाची फाइल सापडत नाही. पुरवठादाराकडून आलेल्या तरुणाने प्रथम नव्या प्रणालीतील तत्सम फाइलला जुने नाव देऊन पाहिले. तेव्हा संदेश बदलला, पण आज्ञावली काही उघडली नाही. मग त्याने इंटरनेटवरून जुनी फाइल मिळविली व ती प्रणालीच्या फोल्डरमध्ये ठेवून दिली. आज्ञावली चालू झाली, चहा झाला आणि विषय संपला असे सर्वांनी धरले.

ज्या फाइलमुळे काम अडले ती काय असते, नव्या आवृत्तीतून ती का गेली आणि ती परत आणून ठेवण्याचा उपाय मूळ अडचणीपेक्षा अधिक घातक का, हे समजून घेणे केवळ संगणक तंत्रज्ञांपुरते उरलेले नाही. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली डेबियन या जागतिक प्रणालीच्या पायावर उभी आहे. शाळा, पंचायत वा कचेरी यांसाठी लिनक्सवर चालणारी आज्ञावली विकत घेताना जे अधिकारी सही करतात, त्यांना हा विषय निदान प्रश्न विचारण्यापुरता तरी ठाऊक असावा. लेखक स्वतः कलाशाखेचा पदवीधर आहे. तेव्हा येथे गणिताची वा यंत्रशास्त्राची भीती बाळगण्याचे कारण नाही.

गावाची भांडी

'लायब्ररी' हा शब्द येथे वाचनालय या अर्थाने नाही. अनेक आज्ञावलींना वारंवार लागणारी कामे करून देणाऱ्या तयार आज्ञांच्या संग्रहास संगणकाच्या व्यवहारात लायब्ररी म्हणतात. मजकूर आकसून कमी जागेत बसविणे, संदेश सांकेतिक करून पाठविणे, पडद्यावर अक्षरांची मांडणी करणे ही कामे प्रत्येक कर्त्याने नव्याने लिहीत बसण्याचे प्रयोजन नाही. हा संग्रह दोन प्रकारे वापरता येतो. आज्ञावलीची बांधणी करतानाच त्यातील हवा तो भाग तिच्यात मिसळून टाकावयाचा, हा एक प्रकार. त्याला स्थिर जोडणी म्हणू. दुसऱ्या प्रकारात लायब्ररी स्वतंत्र फाइल म्हणून प्रणालीत एकाच ठिकाणी राहते आणि आज्ञावली सुरू होताना तिच्याशी जोडली जाते. हीच सामायिक लायब्ररी होय.

आपल्याकडे पुष्कळ गावांत लग्नकार्याची मोठी पातेली, घंगाळी, पराती देवळात किंवा समाजमंदिरात सामायिक ठेवण्याची पद्धत आहे. घरोघरी शंभर माणसांचे पातेले घेण्याचा खर्च वाचतो, हा त्यातील उघड लाभ. परंतु खरा लाभ कल्हईचा आहे. ती एकदा केली की पुढच्या प्रत्येक कार्याला उपयोगी पडते. पातेल्याला भोक पडले तर तेही प्रत्येक कार्याच्या वाट्याला येते, हेही तितकेच खरे.

दिनांक ७ एप्रिल २०१४ रोजी 'हार्टब्लीड' नावाने ओळखला गेलेला दोष जाहीर झाला, तेव्हा या दोन्ही बाजू जगाने एकदमच पाहिल्या. संदेश सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या १.०.१ पासूनच्या काही आवृत्त्यांत तो होता. दूर बसलेल्या व्यक्तीला सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर त्यामुळे वाचता येई. त्यात संकेतशब्द व गुप्त किल्ल्याही येऊ शकत. लायब्ररी सामायिक असल्याने धोका संकेतस्थळांच्या सर्व्हरला होता, तसाच टपालाच्या सर्व्हरलाही. मात्र त्याच कारणाने दुरुस्तीही सोपी झाली. लिनक्स प्रणालींनी एक पॅकेज बदलले आणि त्या संगणकावरील सर्व आज्ञावली दुरुस्त झाल्या. एक पथ्य मात्र पाळावे लागले. चालू असलेली आज्ञावली स्मृतीत घेतलेली जुनी प्रतच वापरत राहते. म्हणून त्या त्या सेवा बंद करून पुन्हा सुरू करणे आवश्यक होते. अनेक कार्यालयांत अद्यापही पॅकेज बदलले म्हणजे काम झाले असे समजले जाते.

याउलट मार्च २००२ मधील झेडलिब या लायब्ररीतील दोषाचे उदाहरण पाहावे. मजकूर आकसणारी ही छोटी लायब्ररी इतकी सोयीची होती की, असंख्य कर्त्यांनी तिची प्रत आपापल्या आज्ञावलीत मिसळून टाकली होती. सामायिक फाइल बदलून भागेना. कोणाच्या पोटात जुनी प्रत दडली आहे ते शोधून प्रत्येक आज्ञावलीची बांधणी नव्याने करावी लागली. या अनुभवानंतर दुसऱ्याच्या लायब्ररीची प्रत पोटात बाळगू नये, हा नियम पॅकेज तयार करणाऱ्यांत अधिक आग्रहाने पाळला जाऊ लागला.

मराठी वाचकास या विषयाची रोज प्रचीती येत असते, फक्त तिचे नाव ठाऊक नसते. 'दऱ्या' आणि 'दर्या' या दोन शब्दांत अक्षरे तीच, पण र आणि य यांची जोडणी वेगळी आणि अर्थही वेगळा. कोणत्या ठिकाणी रफार द्यावयाचा व कोठे अर्धा र काढावयाचा, ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी कसा आणावयाचा, हे लिनक्सवर बहुतांशी हार्फबझ नावाची लायब्ररी ठरविते. (हे नाव फारसी आहे, 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुले.) लिब्रेऑफिसने फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ या आवृत्तीपासून मजकुराच्या मांडणीसाठी सर्व प्रणालींवर तिचाच अवलंब केला. तिच्यात देवनागरीची एखादी चूक दुरुस्त झाली की, तिच्यावर सामायिकपणे विसंबणाऱ्या प्रत्येक आज्ञावलीत ती दुरुस्त होते. परंतु मोझिलाकडून थेट मिळणारा फायरफॉक्स तिची निराळी प्रत आपल्या पोटात बाळगतो. त्यामुळे एकाच संगणकावर तेच जोडाक्षर पत्रलेखनात नीट आणि संकेतस्थळावर विस्कटलेले, किंवा याच्या उलट, दिसू शकते. अशा वेळी दोष टंकाचा समजून नवनवे टंक बसविण्याचा खटाटोप करण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

नावातील आकडा

आता त्या अडलेल्या फाइलच्या नावाकडे वळू. सामायिक लायब्ररीच्या नावात 'एसओ' नंतर येणारा आकडा हा केवळ आवृत्तीचा क्रमांक नव्हे. तो एका कराराचा क्रमांक आहे.

हा करार कसला? बांधणी झालेली आज्ञावली लायब्ररीतील कार्ये नावाने हाक मारते. पण त्यांना माहिती देताना व घेताना ती ठरलेल्या जागांवर विसंबते. सात-बारा उताऱ्यातील रकान्यांचा क्रम उद्या बदलला आणि जुना लिपिक सवयीने तिसऱ्याच रकान्यातील आकडा उतरवीत राहिला, तर रकान्यांची नावे बरोबर असूनही नोंद चुकेल. लायब्ररीच्या कर्त्याने माहितीच्या मांडणीतील एक जागा रुंद केली, किंवा एखादे कार्य काढून टाकले, तर जुन्या आज्ञावलीचे असेच होते. ती कधी बंद पडते. क्वचित चुकीचे उत्तर देत चालूही राहते, आणि हे दुसरे अधिक वाईट. म्हणून नियम असा की, करार मोडणारा बदल केला तर नावातील आकडा बदलावयाचा. केवळ दुरुस्ती केली, किंवा जुने कायम ठेवून नव्याची भर घातली, तर आकडा तोच ठेवावयाचा.

आज्ञावलीच्या बांधणीच्या वेळी तिच्यात या नावांची यादी कोरली जाते. ती सुरू होताना 'लोडर' नावाचा प्रणालीचा भाग यादी वाचतो आणि सूचीत पाहून प्रत्येक फाइल शोधतो. सापडलेल्या लायब्ररीला आणखी कोणत्या लायब्रऱ्या हव्यात तेही तो पाहतो. एक जरी मिळाली नाही तरी काम थांबते. त्या कार्यालयात झाले ते हेच. ओपनएसएसएलची ३.० ही आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली व तिच्याबरोबर कराराचा आकडा १.१ वरून ३ झाला. उबुंटूच्या एप्रिल २०२२ च्या आवृत्तीत फक्त नवी लायब्ररी होती. नव्या फाइलला जुने नाव देण्याची युक्ती फसली, कारण या लायब्ररीत प्रत्येक कार्यावरही कराराचा शिक्का असतो. पाटी बदलून शिक्का बदलत नाही. असा शिक्का नसलेल्या लायब्ररीत ती युक्ती फळली असती आणि मग काय चुकते आहे हे कळावयास महिने लागले असते.

शिक्क्यांच्या या पद्धतीचा सर्वांत यशस्वी वापर लिनक्सच्या मूलभूत 'सी' लायब्ररीने केला आहे. तिचे 'लिबसी.एसओ.६' हे नाव १९९७ पासून नेहमीच्या संगणकांवर बदललेलेच नाही. एखाद्या कार्याचे वर्तन बदलावे लागले तर जुने रूप जुन्या शिक्क्याने आत कायम राहते आणि नवे नव्या शिक्क्याने भरती होते. त्यामुळे जुनी आज्ञावली नव्या प्रणालीवर सहसा चालते. उलट दिशेने मात्र चालत नाही. नव्या प्रणालीवर बांधलेली आज्ञावली नवा शिक्का मागते आणि जुन्या संगणकावर तो नसतो. जिल्ह्यात जुने-नवे संगणक एकत्र असतील तर त्यांतील सर्वांत जुन्या प्रणालीवर बांधणी करावी, हा व्यवहार यातूनच आला आहे.

पॅकेज म्हणजे नोंदवही

फाइलींची नावे बरोबर असली तरी त्या संगणकावर आणावयाच्या कोणी? हे काम पॅकेजांच्या व्यवस्थेचे. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाची पद्धत येथे पाहू, कारण उबुंटू व बॉस या दोन्ही प्रणाली तिच्याच घराण्यातील आहेत.

डेबियनमध्ये सामायिक लायब्ररीच्या पॅकेजच्या नावातच कराराचा आकडा घालतात. जुन्या कराराची व नव्या कराराची लायब्ररी ही त्यामुळे दोन वेगळी पॅकेजे ठरतात आणि संक्रमणकाळात एकाच संगणकावर सुखाने नांदू शकतात. २०१७ च्या डेबियन ९ मध्ये ओपनएसएसएलच्या १.०.२ व १.१ या दोन्ही लायब्रऱ्या अशाच शेजारी शेजारी होत्या. बांधणीसाठी लागणारे साहित्य तिसऱ्याच पॅकेजात असते. सामान्य वापरकर्त्यास त्याची गरज पडत नाही.

आज्ञावलीच्या पॅकेजात तिला काय काय लागते याची यादी द्यावी लागते. ती हाताने लिहिण्याची प्रथा नाही, आणि लिहूही नये. माणूस विसरतो, किंवा आपल्या संगणकावर जे आहे ते सर्वांकडे असेलच असे धरून चालतो. डेबियनचे एक उपकरण बांधून झालेल्या प्रत्येक फाइलमधील कोरलेली यादी वाचते, ते नाव कोणत्या पॅकेजाकडून मिळते हे नोंदीत पाहते आणि किमान आवृत्तीसह ती अट पॅकेजात उतरविते. लायब्ररीच्या कर्त्याने प्रत्येक कार्य कोणत्या आवृत्तीत आले याची नोंद ठेवली असेल, तर ही किमान आवृत्ती आज्ञावली खरोखर वापरते त्या कार्यांवरून ठरते. जुन्या संगणकाला विनाकारण नवी लायब्ररी घ्यावी लागत नाही. रेड हॅटच्या घराण्यातील आरपीएम पद्धतीत पॅकेजाच्या नावाऐवजी लायब्ररीच्या नावाचीच अट घातली जाते, हेतू तोच.

या यांत्रिक नोंदीला एक मोठी फट आहे. काही आज्ञावली एखादी लायब्ररी सुरुवातीला न मागता, काम पडेल तेव्हाच उघडतात. ती मागणी कोरलेल्या यादीत दिसत नाही. अशा लायब्ररीची अट पॅकेज करणाऱ्याने स्वतः लिहावी लागते. ती राहून गेली तर सर्व ठीक चालते आणि कोणी छपाईचे बटण दाबले की बंद पडते. चाचणीच्या दिवशी नेमके ते बटण कोणी दाबलेले नसते.

अवलंबनाची साखळी किती लांब जाते याचा धडा २९ मार्च २०२४ रोजी मिळाला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या चाचणीच्या संगणकावर दूरस्थ प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. माग काढता 'एक्सझेड' या मजकूर आकसण्याच्या आज्ञावलीच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत, तिच्या लायब्ररीत, कोणी चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. दूरस्थ प्रवेश देणाऱ्या आज्ञावलीला ही लायब्ररी मुळात लागतच नाही. परंतु डेबियनसारख्या काही प्रणालींनी एका छोट्या सोयीसाठी तिला 'सिस्टमडी'ची लायब्ररी जोडली होती आणि सिस्टमडीच्या लायब्ररीला एक्सझेडची लायब्ररी लागत होती. सुदैवाने या आवृत्त्या मुख्यतः चाचणीच्या प्रणालींपर्यंतच पोचल्या होत्या. एका उपयुक्त गोष्टीच्या मागून दुसरीच पाहुणी घरात येते. म्हणून जी लायब्ररी प्रत्यक्ष वापरली जात नाही ती यादीतून काढणे, हेही पॅकेज करणाऱ्याचे कर्तव्य आहे.

नोंदवहीच्या बळावर केवढे काम होऊ शकते याचे अलीकडचे उदाहरण म्हणजे २०३८ च्या अडचणीची तयारी. जुन्या ३२ बिटांच्या संगणकांत वेळ मोजण्याची जागा अपुरी आहे. ती १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपते. जागा रुंद करणे म्हणजे रकाना रुंद करणे, म्हणजेच करार मोडणे. ज्या लायब्रऱ्यांच्या व्यवहारात वेळ येतो त्या सर्वांना हे लागू होते. डेबियनने २०२४ मध्ये अशा शेकडो लायब्रऱ्यांच्या पॅकेजांची नावे बदलली, त्यांच्या शेवटी 'टी६४' ही खूण जोडली आणि त्यांवर विसंबणाऱ्या आज्ञावलींची पुन्हा बांधणी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये हे फेरफार आहेत. नव्या संगणकावर 'लिबएसएसएल३टी६४' असे चमत्कारिक नाव दिसले तर तो छपाईचा दोष नव्हे.

गाठोडे बांधून देणारे

या सर्व खटाटोपाला कंटाळलेले कर्ते म्हणतात, लागेल ते सर्व एकत्र बांधूनच द्यावे. ॲपइमेज, स्नॅप व फ्लॅटपॅक या पद्धती थोड्याफार फरकाने हेच करतात. त्यांची बाजू पोकळ नाही. कर्त्याने ज्या लायब्ररीबरोबर चाचणी केली तीच वापरकर्त्याला मिळते आणि प्रणाली बदलली तरी आज्ञावली अडत नाही. फ्लॅटपॅकमध्ये तर समान लायब्रऱ्यांचा पायाही सामायिक असतो व तो वेगळा अद्ययावत होतो. प्रश्न उरतो तो गाठोड्यातील उरलेल्या प्रतींचा. त्यांच्या दुरुस्तीची जबाबदारी प्रणालीकडून पुरवठादाराकडे जाते, आणि पाच वर्षांनी तो पुरवठादार त्याच धंद्यात असेल याची हमी कोणी द्यावी? चित्रे रंगविण्याच्या आज्ञावलीला गाठोडे चालेल. नागरिकांची माहिती साठविणाऱ्या आणि जाळ्यावर उघड्या असणाऱ्या आज्ञावलीला, लेखकाच्या मते, ते चालू नये.

निविदेच्या कागदांत यासाठी फार लिहावे लागत नाही. आज्ञावली प्रणालीच्या रीतसर पॅकेजाच्या रूपात द्यावी, अवलंबनांची यादी उपकरणाने काढलेली असावी, एखादी लायब्ररी पोटात बाळगली असल्यास तिचे नाव, आवृत्ती व दुरुस्तीची मुदत लेखी द्यावी आणि प्रणालीची पुढील आवृत्ती आल्यावर किती दिवसांत नवी बांधणी मिळेल ते नमूद करावे. स्वीकृतीच्या वेळी आज्ञावली नव्याकोऱ्या संगणकावर बसवून पाहावी. पुरवठादाराच्या स्वतःच्या लॅपटॉपवर सर्व काही नेहमीच चालते.

वर उल्लेखिलेल्या कार्यालयात ती जुनी फाइल पॅकेजाच्या नोंदीबाहेर असल्याने प्रणाली नियमितपणे अद्ययावत होत राहिली, तरी तिला एकही दुरुस्ती मिळाली नाही. ओपनएसएसएल १.१.१ चा सर्वसाधारण आधार ११ सप्टेंबर २०२३ रोजी संपला. त्यानंतर काही महिन्यांनी पुरवठादाराने नवी बांधणी पाठविली. मूळ संहितेत जेमतेम चार ओळी बदलाव्या लागल्या होत्या. ती बसविल्यावर जुनी फाइल काढून टाकण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. पुढे एका कनिष्ठ लिपिकाने, ही फाइल कोणत्या पॅकेजाची आहे असे प्रणालीला आज्ञेद्वारे विचारले, तेव्हा कोणत्याच पॅकेजाची नाही असे उत्तर आले. त्याने सर्व संगणक तपासले. ती फाइल सातांपैकी पाच संगणकांवर होती. त्याच दिवशी ती पाचही ठिकाणांहून काढण्यात आली आणि आवक-जावक नोंदीचे काम दुपारनंतर नेहमीप्रमाणे सुरू झाले.